नाव न घेण्याचं औषध

शकुबाईच्या पायाला भिंगरी आहे, असं तिची आई ती रांगत होती तेव्हापासून म्हणायची. साठी उलटली तरी ती भिंगरी थांबली नव्हती. मळवली स्टेशनाच्या वरच्या अंगाला, विसापूर किल्ल्याच्या पोटाशी, थोड्याशा घरांची एक वाडी आहे. तिथून सकाळी खाली बंगल्यांवर झाडलोटीला उतरायचं, दुपारी वर चढायचं, आणि ऊन कललं की काही काम नसताना पुन्हा खाली. एका जागी बसून बोलणं तिला जमतच नसे. बोलता बोलता ती अंगण झाडायला लागे, मग ते अंगण दुसऱ्याचं का असेना.

बसायची ती फक्त रविवारी सकाळी. त्या दिवशी तिच्या ओट्यावर कावीळ झालेली माणसं यायची. पाटणची, कामशेतची, पार तिकडून सुदुंबऱ्याचीसुद्धा. औषध तिच्या बापाचं, गेणूबाबाचं. रानातल्या एका झुडपाच्या पाल्याचा रस, ताकातून, अनशापोटी घ्यायचा. पैसा घ्यायचा नाही, बरं वाटल्यावर कुणी नारळ आणून दिला तर तेवढा घ्यायचा. पाल्याचं नाव मात्र तोंडातून काढायचं नाही. नाव घेतलं की गुण गेला. आणि पिणाऱ्यानंही पुरतं बरं वाटेपर्यंत त्याची वाच्यता कुणापाशी करायची नाही. बापानं मरताना हे वचन लेकीकडून घेतलं होतं आणि शकुबाईनं ते चाळीस वर्षं पाळलं होतं.

आता कावीळ बरीचशी आपली आपण येते आणि आपली आपण जाते, असं डॉक्टर लोक सांगतात. पण जाताना ती ज्याच्या ओट्यावरून जाते, यश त्याच्या पदरात पडतं. शकुबाईच्या हाताला यश आहे, असं अर्धं मावळ म्हणत होतं. नवऱ्यानं टाकलेली, पोटी मूल नसलेली ही बाई त्या एका वाक्यावर जगत आली होती. ते नसतं तर लोक तिला शकी म्हणून हाक मारून मोकळे झाले असते. आता पाटलाच्या घरची माणसंही ‘शकुमावशी’ म्हणायची.

तिचा सगळा जीव एका माणसात होता, धाकटा भाऊ नवसू. आई गेली तेव्हा तो अंगावरचा होता; शकुनं त्याला कडेवर घेऊन लावणी केली, कडेवर घेऊन भात झोडला. आता तो पन्नाशीचा झाला होता आणि मळवलीतल्या एका मुंबईवाल्याचा बंगला सांभाळत होता. शनिवार-रविवारी पाहुणे यायचे, रात्रभर गाणी लावायचे. सोमवारी नवसू पोहण्याच्या हौदातले चिप्सचे कागद जाळीनं काढायचा आणि मालकाच्या लाडक्या लॉनमधला लव्हाळा उपटत बसायचा. नवसूची बायको मागेच देवाघरी गेली होती. घर चालवायची ती त्याची मुलगी उज्ज्वला. बारावी सायन्स झालेली, तळेगावच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला जाणारी, आणि जे हाती पडेल ते वाचणारी.

दिवाळीनंतर नवसूचं वजन उतरलं आणि उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. सोनोग्राफी झाली, मग पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात अजून काय काय झालं, आणि निदान निघालं: यकृताचा कॅन्सर. दारूच्या थेंबालाही न शिवलेला माणूस! डॉक्टर म्हणाल्या, कधीतरी जुना विषाणू शिरला असणार, तो वर्षानुवर्षं आत राहिला. एकच गाठ आहे, कापून काढता येण्याजोगी आहे, पण आधी तपासण्या पुऱ्या होऊ देत.

तपासण्या होईपर्यंत हातावर हात ठेवून बसणं उज्ज्वलाला जमेना. आत्याचंच रक्त ते! मोबाईलवर शोधता शोधता तिला काहीतरी सापडलं आणि ती धावत बंगल्यावर आली. नवसू लॉनवर उकिडवा बसून लव्हाळा उपटत होता, शकुबाई पायऱ्या झाडत होती.

“बाबा, तू हा लव्हाळा वरून उपटतोस. आठ दिवसांत परत येतो. का?”

“खाली गाठ ऱ्हाती त्येची. ती कुटं निगतीय?”

“हां! कॅन्सरमधे पण तशाच पेशी असतात. मूळपेशी म्हणतात त्यांना. औषधानं वरचा पाला जळतो, ह्या खाली गप पडून राहतात आणि परत फुटतात. चीनमधले लोक त्यांच्या जुन्या झाडपाल्यातून असं औषध शोधतायत, जे लिव्हरच्या कॅन्सरच्या नेमक्या ह्या मूळपेशींवरच जातं.”

नवसूला हे लगेच पटलं. जन्मभर लव्हाळ्याशी झुंजलेल्या माणसाला यापेक्षा सोपं करून कोण सांगणार? उज्ज्वलानं लोणावळ्यात एक जागा हुडकून काढली. थकल्याभागल्या शहरी लोकांना तेल चोळून देणारं, नाना तऱ्हेचे काढे विकणारं केंद्र. तिथून तिनं चिनी अक्षरांची, लाल शिक्का मारलेली पुडी आणली. वाचलं एक होतं आणि विकत आणलं दुसरंच. पण बाप आजारी असला की असले फरक कुणाच्या लक्षात येतात?

शकुबाई झाडू हातात धरून ऐकत उभी होती. तिच्या काळजाला जे लागलं ते तिलाही लगेच सांगता आलं नसतं.

“चीनची पाळंमुळं चालत्यात,” ती शेवटी म्हणाली, “आन आपल्या डोंगराचा पाला चालत न्हाई व्हय गं?”

“आत्या, तुझं काविळीचं. हे कॅन्सरचं आहे.”

पिकतं तिथं विकत नाही, हेच खरं, असं पुटपुटत शकुबाईनं एकदा झाडलेल्या पायऱ्या पुन्हा झाडल्या. चिडली होती ती. सरळ बोलायचं तर जळत होती. लोक लांबून तिच्या ओट्यावर येतात आणि सख्ख्या भावाला समुद्रापलीकडची पुडी!

महिनाभर नवसूनं चिनी पूड मधातून घेतली. आणि एका सकाळी शकुबाईनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं तर बुबुळांच्या कडा पिवळसर. कुणाच्याही आधी तिलाच दिसल्या. दुसरी कुणी बहीण असती तर घाबरली असती. शकुबाईही घाबरली, खोटं कशाला सांगा. पण भीतीच्या खाली एक आनंदाची उकळीही फुटली. कॅन्सर दुसऱ्या कुणाचा असेल, कावीळ तर तिची होती.

त्या रविवारी उजाडायच्या आधी ती पदराखाली पेला झाकून खाली उतरली. उज्ज्वला झोपली होती. नवसूनं एका दमात पेला रिकामा केला, तोंड पुसलं, आणि लहानपणी बापासमोर बसायचा तसा मुकाट बसला.

“कुनाला बोलायचं न्हाई,” ती म्हणाली.

“ठावं हाय, आक्का.”

दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा काविळीचा आकडा बराच चढलेला निघाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. काय काय घेता, त्यांनी विचारलं. उज्ज्वलानं पिशवीतून पुडी काढली. घरी थांबवेना म्हणून मागोमाग आलेली शकुबाई दाराशी उभी होती.

“मूळपेशींचं तू वाचलंस ते खोटं नाही,” डॉक्टर उज्ज्वलाला म्हणाल्या. “शोध चाललाय. पण अजून तो काचेच्या बश्यांत आणि उंदरांवर आहे. आणि या पुडीत त्यातलं काय आहे, किती आहे, दुसरं काय मिसळलंय, मला कळायला मार्ग नाही. नाव नसलेलं औषध मी तपासू कसं? यकृताचा मोठा तुकडा कापायचाय. उरलेला तुकडा धडधाकट असेल तरच बाबा टेबलावरून उठतील. आजपासून बाहेरचं सगळं बंद. आकडा उतरला की लगेच ऑपरेशन.”

उज्ज्वलाचं तोंड एवढंसं झालं. तिनं ती पुडी दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. आणि शकुबाई? शकुबाई मनातून खूश झाली. सवत गेली! आता मधे कुणी नाही. डॉक्टरांच्या बोलण्यातलं ‘बाहेरचं’ म्हणजे चीनचं, असा सोयीचा अर्थ तिनं काढला. डोंगर काय बाहेरचा असतो? रविवारचा पेला तिनं रोजचा केला. अति तिथं माती होते, हे काय तिला माहीत नव्हतं? पण तिला घाई झाली होती. आकडा उतरायला हवा होता, आणि आपल्या हातानं उतरायला हवा होता.

पुढच्या तपासणीला आकडा आणखी चढला होता.

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला आणि नवसूकडे पाहिलं. “खरं सांगा, भाऊ. पुडी बंद केलीत?”

“केली.”

“दुसरं काही? गावठी, झाडपाल्याचं?”

“काय बी न्हाई. द्येवाशप्पथ.”

त्याला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. अजून बरं वाटलेलं नव्हतं, म्हणजे बोलायची परवानगी नव्हती. वचनापुढं दवाखान्याचा प्रश्न कसला? खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथं खवखव पाजणारीला सुटली होती. शकुबाई छताच्या पंख्याकडे बघत राहिली.

“मग पुडीनंच फार नुकसान केलंय असं धरावं लागेल,” डॉक्टर म्हणाल्या. “पंधरा दिवसांनी परत बघू. तेव्हाही उतरला नाही तर कापता येणार नाही. मग दुसरे उपाय आहेत, पण गाठ मुळापासून जाण्याची संधी हीच होती.”

परतताना गाडीत उज्ज्वला खिडकीकडे तोंड करून बसली. घोरवाडी गेलं, तळेगाव गेलं, ती हलली नाही. समोर नवसू पेंगत होता. शकुबाई मात्र रिकामी जागा असून दारापाशी उभी राहिली, मग आत आली, मग पुन्हा दाराशी गेली. तिच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. पुडी बंद झाली, तरी आकडा चढला. पुडी बंद झाली, तरी चढला.

मळवलीला उतरल्यावर तिनं नवसूला बाजूला घेतलं. “नवसू, उद्यापास्नं पेला बंद.”

“का?”

“मला भ्या वाटतंय.”

“डाक्टरनीचं ऐकून?” नवसू थांबला. “आक्का, ह्या सगळ्यात मला तेवढा एकच आधार हाय. आबांचा हात डोक्यावर असल्यावानी वाटतंय. तू दिलं न्हाईस तर मी सोता आनीन. कुटं उगवतं त्ये मला ठावं हाय, आबांच्या मागनं मी बी गेलतो रानात.”

आणि तो खरंच आणू लागला. दुसऱ्या दिवशी तिनं पाहिलं, बंगल्याच्या आवारातल्या त्याच्या खोलीच्या मागं पाट्यावर हिरवा चोथा पडलेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी शकुबाईची गत झाली. डॉक्टरांना सांगावं तर बापाचं वचन मोडतं आणि हातातलं यश कायमचं जातं. न सांगावं तर भाऊ जातो. आणि नुसतं सांगून तरी तो थांबेल कशावरून? आठवडाभर तिनं धड जेवण केलं नाही. वाडीवरून खाली, खालून भाजे गावापर्यंत, तिथून उगीच परत, असं तिचं चाललं होतं. लोक विचारत, मावशी, काय हरवलं? ती म्हणे, काय न्हाई, आणि चालू लागे.

त्या गुरुवारी ती बंगल्यावर आली तेव्हा फाटकातूनच तिला लॉन दिसलं. अर्ध्याहून अधिक हिरवळ उलटीपालटी झाली होती. उज्ज्वला गुडघ्यांवर बसून खुरपं चालवत होती. कोपरापर्यंत माती, नखं फुटलेली. लव्हाळ्याच्या काळ्या गाठींचा ढीग शेजारी पडला होता. नवसू पायरीवर बसून “आगं मालक काय म्हनंल, उज्जे, बास कर” असं पुन्हा पुन्हा म्हणत होता.

“मीच मारलं बाबांना,” उज्ज्वला वर न बघता म्हणाली. “मी पुडी आणली. मी हुशार. मला लय कळतं ना! आत्या, मी जाते कंपनीत नि जाताना वाटतं रुळावरच थांबावं.”

कडेवर वाढवलेला भाऊ आणि त्याची ही पोर, दोघंही शकुबाईच्या एका गप्प बसण्यानं चालले होते. आणि त्याच क्षणी तिला कळलं की नवसूला थांबवायचा एकच रस्ता आहे. डॉक्टरांनी सांगून तो थांबणार नाही, बहिणीनं सांगून थांबणार नाही. औषधातला गुण गेला, तरच थांबेल. आणि गुण कशानं जातो हे त्यालाही माहीत होतं.

ती लॉनच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिनं त्या पाल्याचं नाव घेतलं.

पहिल्यांदा ते तिचं तिलाच ऐकू आलं. म्हणून तिनं पुन्हा घेतलं, मोठ्यानं. ते नाव मी इथं लिहीत नाही. वाचणाऱ्यांतला एखादा उद्या कोयता घेऊन निघायचा, आणि आपल्याकडे असल्या शहाण्यांना तोटा नाही.

नवसू ताडकन उठला. “आक्का!”

“पोरी, तू न्हाई केलंस. म्या केलं,” शकुबाई उज्ज्वलाला म्हणाली. “तुजी पुडी बंद झाली, तवापास्नं रोज पाजत व्हते. तुज्या बापानं डाक्टरनीपुढं शप्पत घेतली ती माज्या पायी.”

उज्ज्वला खुरपं हातात धरून बघतच राहिली. “आबांना काय तोंड दावशील?” एवढंच नवसू म्हणाला, खोलीत गेला, आणि मागच्या पाट्यावरचा चोथा त्यानं कुंपणापलीकडे भिरकावला. आता तो पिऊन उपयोग नव्हता. नाव घेतलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शकुबाई आणि उज्ज्वला त्या पाल्याची डहाळी घेऊन दवाखान्यात गेल्या. शकुबाईला वाटलं होतं, डॉक्टर अंगावर येतील. त्या आल्या नाहीत. त्यांनी नाव लिहून घेतलं, दोनदा विचारून नीट लिहून घेतलं, डहाळी पिशवीत घातली. “बरं झालं सांगितलंत,” म्हणाल्या. “यानं झालं का पुडीनं, का दोन्हींनी, आत्ता सांगता येत नाही. दोन्ही बंद ठेवून आजपासून पुन्हा पंधरा दिवस बघू.”

ते पुढचे दिवस शकुबाईनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. नवसू तिच्याशी बोलत नव्हता. ती जेवण घेऊन जायची, तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा. रविवार आला की ती ओट्यावर बसायच्या ऐवजी दाराला कडी घालून विसापूरच्या वाटेला लागायची, आणि वरून बघायची की कोण आलंय. माणसं थोडा वेळ थांबून परत जायची. आकडा उतरू दे, असं ती गडाच्या मारुतीला सांगायची. आणि सांगता सांगता ती मारुतीकडे पाठ फिरवायची. कारण पुडी बंद करून उतरला नव्हता. आता तिचा पाला बंद केल्यावर उतरला, तर त्याचा अर्थ एकच होता. भाऊ वाचायला हवा असेल तर तिनं चाळीस वर्षं जे दिलं ते विष ठरायला हवं होतं. असला नवस कुणी कधी बोललं असेल का?

तपासणीच्या दिवशी ती दवाखान्याच्या जिन्यावर वरखाली करत होती. बाक होतं, पंखा होता, पण बसणं झालं नाही. उज्ज्वला कागद हलवत धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली.

“आत्या, उतरला! निम्म्यावर आलाय! डॉक्टर म्हणाल्या, असाच उतरत राहिला तर महिनाअखेर ऑपरेशन!”

शकुबाई रडली. आनंदानं रडली, हे खरंच आहे. भाऊ वाचणार होता. आणि रडता रडता तिला ती सगळी माणसं दिसायला लागली. बरी झालेली नारळ घेऊन परत आली होती, त्यांचे चेहरे तिला पाठ होते. पण जी परत आलीच नाहीत, ती? ती दुसऱ्या कुणाकडे गेली असतील, असं ती आजवर धरून चालली होती. पाटणची ती ओली बाळंतीण. कामशेतचा टेंपोवाला. कुणीच तिला कधी विचारायला आलं नव्हतं, आणि तिनंही कधी चौकशी केली नव्हती. एवढी पायाला भिंगरी असून त्यांच्या दारापर्यंत ती कधी गेली नव्हती.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा तिनं त्यांचा हात धरला. “बाई, म्हंजी माजंच व्हतं ना त्ये?”

“मावशी, छातीठोकपणे नाही सांगता येणार. सुरुवात पुडीनं झाली असेल.”

“मला बरं वाटावं म्हून बोलू नगा.”

“बहुतेक तेच होतं,” डॉक्टर म्हणाल्या.

मागं नवसू उभा होता. किती दिवसांनी त्यानं बहिणीकडे नीट पाहिलं. त्याचे डोळे जवळजवळ पांढरे झाले होते. त्यालाही आता सगळं कळलं होतं, आणि तो काही तिला रागावला नाही. तेच तिला सोसवेना.

“आक्का,” तो हळू म्हणाला, “आज शनवार. उद्या मानसं येतील.”

“येऊ देत.”

“पुना कडी घालून गडावर जाशील?”

“न्हाई. बसते वट्यावर.”

“आन काय सांगशील त्यास्नी?”

शकुबाईनं पदरानं डोळे कोरडे केले.

“नाव सांगीन,” ती म्हणाली. “ज्येला त्येला नाव सांगीन, आन म्हनीन, ह्ये पिऊ नगा.”